सत्र खटल्यात कोरकूची दुभाषी: समन्सपासून निकालापर्यंत

ऑगस्ट 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात पोलीस स्टेशनचा शिपाई शाळेत आला आणि माझ्या नावाचं समन्स पुढे करून म्हणाला, "मॅडम, इथं सही करा." समन्सावर 'साक्षीदार' हा छापील शब्द पेनानं खोडून वर 'दुभाषी' असं लिहिलेलं होतं. सत्र न्यायालय, 22 ऑगस्ट, सकाळी अकरा. मधल्या सुट्टीत अख्ख्या स्टाफनं ते वाचलं आणि ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. मुख्याध्यापक सरांना वाटलं, मी कुठल्या तरी भानगडीत अडकले. नवरा म्हणाला, एकदा कोर्टाची पायरी चढलीस की वर्षभर सुटका नाही. त्याचं म्हणणं जवळपास खरं ठरलं.

मला तेव्हा या कामाबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितेय. ज्यांना असं समन्स येईल त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी, ज्यांचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि समोर काय चाललंय ते त्याला कळत नाहीये.

मी मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. घरात कोरकू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी, असं आमचं तीन भाषांचं जगणं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. मराठी-हिंदीशी तिचं मुळातून नातं नाही. 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे 7 लाख 27 हजार लोक नोंदले गेले, मेळघाटात आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर भागात. हे मुद्दाम सांगतेय, कारण कोर्टात मला भेटलेल्या बहुतेकांना कोरकू म्हणजे हिंदीचीच एखादी बोली वाटत होती. "जरा हळू हिंदी बोललं की यांना समजतं," हे वाक्य मी त्या वर्षात फार वेळा ऐकलं.

आता प्रकरण. आरोपीचं नाव लिहीत नाही, इथे त्यांना दादा म्हणते. वय पंचेचाळिशीच्या आसपास. नोव्हेंबर 2023 मध्ये शेताच्या बांधावरून भांडण झालं, समोरच्याच्या हाताला कुऱ्हाड लागली. भारतीय दंड संहितेचं कलम 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न. अटक झाली, जामीन नामंजूर झाला, फेब्रुवारी 2024 मध्ये पोलिसांचं दोषारोपपत्र दाखल झालं, खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाला. मे महिन्यात कोर्टानं दोषारोप ठेवला आणि कागदावर नेहमीचं वाक्य आलं: आरोपीस दोषारोप वाचून व समजावून सांगितला. जुलैत फिर्यादीची साक्षही झाली. फिर्यादी कोरकूच, पण बरीच वर्षं शहरात कामाला असल्यानं हिंदीत बोलला. या सगळ्यात दुभाषी कुणीच नव्हता.

त्याच सुमारास दादांचं प्रकरण लोकअभिरक्षक कार्यालयातल्या एका तरुण वकील ताईंकडे आलं. (लोकअभिरक्षक म्हणजे विधी सेवा प्राधिकरणानं पगारावर नेमलेले बचावाचे वकील. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 खाली वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.) ताईंनी दादांना विचारलं, "फिर्यादी काय बोलला, समजलं का?" दादा म्हणाले, "हाव," म्हणजे हो. मग ताईंनी दुसरा प्रश्न विचारला, "काय बोलला, मला सांगा." दादा गप्प. तो दुसरा प्रश्न लक्षात ठेवा. माणसाला कळलंय की नाही हे "समजलं का?" विचारून कधीच कळत नाही, विशेषतः कोर्टात, जिथं खाकी आणि काळ्या कोटासमोर आमची माणसं कशालाही हाव म्हणतात. ऐकलेलं परत सांगायला लावायचं.

ताईंनी लेखी अर्ज दिला. अर्ज मी पाहिला तो निकालानंतर, पण क्रमानं कळावं म्हणून इथेच सांगते. आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 279 चा: साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत दिली जात असेल आणि तो हजर असेल, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत खुल्या कोर्टात सांगितलीच पाहिजे. गुन्हा 2023 चा, खटला आधीच सुरू झालेला, म्हणून जुनी संहिता लागू. 1 जुलै 2024 नंतरच्या प्रकरणांत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागते, तिथे हेच कलम 314 आहे. भाषा आठव्या अनुसूचीत हवी अशी अट कुठेही नाही. संथाली त्या यादीत आहे, कोरकू नाही, पण या कलमासमोर दोन्ही सारख्याच. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम 14 ही अर्जात होतं, कारण आरोपीला दुभाषी मोफत मिळावा असं त्यात स्पष्ट म्हटलंय आणि भारत 1979 पासून त्या करारात आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा 1962 चा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल. तो खटल्याचा नव्हे, स्थानबद्धतेचा आहे, पण मुद्दा तोच: कागद माणसाच्या हातात ठेवला म्हणजे त्याला कारणं कळली असं होत नाही, ती त्याला समजणाऱ्या भाषेत पोचली पाहिजेत.

सरकार पक्षानं विरोध केला. आरोपी आठवडी बाजारात हिंदीत व्यवहार करतो, त्याला हिंदी येतं. आणि द्यायचाच असेल दुभाषी, तर आमच्या पोलीस स्टेशनचा एक शिपाई कोरकू जाणतो. दोन्ही मुद्द्यांना ताईंचं उत्तर तयार होतं. मोहफुलांचा भाव करण्यापुरतं हिंदी येणं वेगळं आणि "हेतुपुरस्सर" म्हणजे काय हे कळणं वेगळं. आणि ज्या ठाण्यानं तपास केला त्याच ठाण्याचा माणूस आरोपीचा दुभाषी कसा? न्यायाधीश मॅडमनी 6 ऑगस्टला अर्ज मंजूर केला. पण मंजूर करून दुभाषी आणायचा कुठून? कोरकू दुभाष्यांची यादी कुठेच नव्हती. विधी सेवा प्राधिकरणाकडून शिक्षण विभागाला पत्र गेलं, तिथून पंचायत समितीला, आणि फिरत फिरत माझं नाव वर आलं.

समन्स आल्यावर पहिलं काम म्हणजे त्याची झेरॉक्स जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज. दुसरं, कोर्टातून निघताना दर वेळी हजेरीचा दाखला मागून घेणं, शिक्क्यासह. तो असेल तर दिवस रजेत जात नाही. संध्याकाळी साडेपाचला लिपिकाला घरी जायची घाई असते, म्हणून मी दुपारीच सांगून ठेवायचे.

22 ऑगस्टला पहाटेची एसटी धरली. घाटातून चार तास. महिलांना अर्धं तिकीट असल्यानं प्रवास स्वस्त पडला, पण परतीची शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटते, त्यामुळे कधीकधी लॉजवर राहावं लागलं, रात्रीचे सातशे रुपये. साडेदहाला पोचले, बोर्डावर प्रकरणाचा नंबर पाहिला आणि बाकावर बसून राहिले. पुकारा झाला दुपारी पावणेतीनला. त्या दिवसापासून डबा आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय मी कोर्टात गेले नाही.

आधी मॅडमनी मलाच प्रश्न विचारले. शिक्षण किती, कोरकू कुठली बोलता, आरोपीशी किंवा फिर्यादीशी नातं आहे का, त्या गावात शेती आहे का. आमच्यात गोत लांबून का होईना जुळतंच, म्हणून मी माझं गोत, माहेर, सासर सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, दोन्ही वकिलांना हरकत आहे का विचारलं. मग शपथ. ती साक्षीदाराच्या शपथेसारखी नसते. दुभाष्याची वेगळी आहे, 1969 च्या शपथ अधिनियमातली: विचारलेले प्रश्न आणि दिलेली साक्ष मी नीट आणि खरेपणानं समजावून सांगेन. देवाची घ्यायची नसेल तर प्रतिज्ञेवर घेता येते. कलम 282 प्रमाणे (नव्या संहितेत 317) खरा अर्थ सांगणं दुभाष्यावर बंधनकारक आहे, हेही त्यांनी ऐकवलं. माझे हात थंड पडले होते.

मॅडमनी कामाची रीत समजावली, ती मला वर्षभर पुरली. साक्षीदार "मी गेलो" म्हणाला तर दुभाष्यानंही "मी गेलो"च म्हणायचं, "तो म्हणतो की तो गेला" नाही. नाहीतर लेखी साक्षीत कोण कुठे गेला याचा घोळ होतो. स्वतःहून काही जोडायचं नाही, गाळायचं नाही, शिवी असेल तर शिवीसकट सांगायचं. कळलं नाही तर कोर्टाला सांगून परत विचारायचं. आणि आरोपी किंवा साक्षीदार तुमच्याशी जे काही बोलेल, ते सगळं मोठ्यानं कोर्टाला सांगायचं.

याची पहिली परीक्षा पाच मिनिटांत झाली. मी दादांशी कोरकूत बोलायला लागले, मी कोण, कशासाठी आलेय ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, गावाकडे पाऊस झाला का? सगळे माझ्याकडे बघतायत. मी वळून सांगितलं, "आरोपी विचारतायत, गावाकडे पाऊस झाला का." सरकारी वकील हसले. मॅडम म्हणाल्या, "झालाय म्हणावं." मी सांगितलं. नऊ महिने तुरुंगात काढलेल्या माणसाला त्याच्या भाषेत मिळालेली ती पहिली सरकारी माहिती असावी.

त्या दिवशी साक्ष झाली नाही. मे महिन्यातला दोषारोप मॅडमनी पुन्हा वाचला, मी एकेक वाक्य कोरकूत सांगितलं आणि दादांचं उत्तर नव्यानं नोंदवलं गेलं: कबूल नाही. फिर्यादीच्या आधीच्या साक्षीचं काय, हा प्रश्न उरला. ती मी त्यांना पूर्ण वाचून सांगायची आणि नंतर त्यांच्या वकिलांना गरज वाटली तर कलम 311 (आता 348) खाली फिर्यादीला परत बोलवायचं, असं ठरलं. पुढच्या तारखेला वाचून सांगितलं तेव्हा तिसऱ्याच परिच्छेदावर दादा म्हणाले, "असं तो बोलला होता?" म्हणजे त्या दिवशी ते त्याच खोलीत, वीस फुटांवर उभे होते आणि काय बोललं जातंय याचा त्यांना पत्ता नव्हता. फिर्यादीला परत बोलावलं गेलं.

जागेबद्दल सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आरोपीचा पिंजरा मागच्या भिंतीला, साक्षीदाराचा पुढे न्यायाधीशांजवळ. पंखे घरघरतात, बाहेर पुकारे चालू असतात. मागे उभ्या माणसाला मराठी येत असलं तरी ऐकू येईलच असं नाही. मी पुढे थांबले तर दादांना ऐकू जात नव्हतं, मागे थांबले तर मला साक्षीदार ऐकू येत नव्हता. ताईंनी तोंडी विनंती केली आणि दादांना पुढे, माझ्या शेजारी स्टूलवर बसायची परवानगी मिळाली, बाजूला गार्ड. एका तारखेला गार्ड मिळाला नाही म्हणून त्यांना तुरुंगातून पडद्यावर हजर केलं. आवाज तुटत होता, माझं वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू होत होतं. ताईंनी हरकत घेतली, साक्ष पुढे ढकलली गेली. पडद्यावरून दुभाष्याचं काम होत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या जोडणीवर तरी ते होण्यासारखं नव्हतं.

ऑक्टोबरात ताईंनी विचारलं, तुरुंगात जाऊन दादांशी बोलायचंय, याल का? मी नाही म्हटलं. मनाई करणारं कलम मला कुणी दाखवलं नाही, पण मी कोर्टाची दुभाषी होते. दादा त्यांच्या वकिलाला खासगीत जे सांगणार ते माझ्या कानावर पडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी साक्षीदाराचं वाक्य सांगताना माझ्या जिभेवर त्याचा परिणाम झालाच नसता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्यांनी कॉलेजातला एक कोरकू मुलगा शोधला. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहतं, आणि पुरावा कायद्याच्या कलम 127 नं (नव्या कायद्यात 132) तेच बंधन मध्ये बसलेल्या दुभाष्यावरही घातलंय, हे त्या मुलाला आधी समजावून सांगितलं गेलं. ज्यांना शक्य आहे त्यांनी ही दोन कामं दोन माणसांना द्यावीत.

गावाकडचा ताण वेगळाच. फिर्यादीच्या भावाचा फोन आला, तू आपल्यातलीच आहेस म्हणून. दादांची बायको एसटी स्टँडवर थांबून राहायची, तिला फक्त विचारायचं असायचं की ते कधी सुटणार. फोनबद्दल मी पुढच्या तारखेला कोर्टाला लेखी कळवलं, चार ओळी. बाईला मात्र मी ताईंच्या कार्यालयाचा रस्ता दाखवायचे आणि निघून जायचे. ते सोपं नव्हतं, ती माझ्या आईच्या वयाची दिसते.

नोव्हेंबर पूर्ण वाया गेला. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, मला मतदान केंद्रावर ड्युटी आणि तारीख पडलेली 19 ची. नेमणुकीचा आदेश जोडून कोर्टाला आधीच अर्ज दिला म्हणून निभावलं. आणि दिवाळीनंतर आमची अर्धी गावं कामाला बाहेर पडतात, त्यामुळे दोन्ही कोरकू साक्षीदारांची समन्सं 'गावी मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत येत राहिली. ताईंनीच सुचवलं, होळीनंतरची तारीख द्या. मेळघाटात होळीला कुणी बाहेर राहत नाही. मार्च 2025 मध्ये होळी झाली आणि 18 तारखेला दोघंही हजर.

तोपर्यंत जानेवारीत डॉक्टर आणि तपास अधिकारी होऊन गेले होते. डॉक्टरांची साक्ष मला सगळ्यात जड गेली. ते निम्मं इंग्रजीत बोलतात, जखमेची लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, आणि मी ते दादांना सांगायचं. मी कोर्टाची परवानगी घेऊन डॉक्टरांनाच विनंती केली की स्वतःच्या हातावर जागा दाखवा. त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली आणि कोपराखाली चार बोटांवर आडवी रेघ ओढून दाखवली. दादांनी ते पाहिलं आणि मान हलवली. जखम साधी होती, जिवाला धोका नव्हता, असंही डॉक्टर म्हणाले. सलग तासभर झाला की डोकं सुन्न होतं. मराठी वाक्य ऐकून मी मराठीतच परत सांगायला लागायच्या बेतात असायचे. अशा वेळी थांबायची परवानगी मागायची. देतात.

18 मार्चच्या साक्षीदारांकडून मी सगळ्यात जास्त शिकले. सरकारी वकिलांनी विचारलं, घटना किती वाजता घडली? साक्षीदारानं हात तिरका वर करून सूर्य कुठे होता ते दाखवलं. मला चार-साडेचार वाजल्याचं लगेच कळलं, पण ते मी बोलायचं नाही. मी म्हणाले, "साक्षीदार हातानं सूर्याची जागा दाखवतायत." मॅडमनी तसंच नोंदवलं, आणि मग वकिलांनी पुढचे प्रश्न विचारून वेळ काढून घेतली. अंतराचंही तेच. "हाक मारली तर ऐकू जाईल इतकं" म्हणाला तर तेवढंच सांगायचं, त्याचे मीटर करायचे नाहीत.

उलटतपासणीत ताईंनी पोलिसांपुढचा जबाब काढला. त्यात लिहिलं होतं की आरोपी कुऱ्हाड उगारून "आज तुला जिवंत सोडत नाही" असं ओरडला. साक्षीदार म्हणाला, "मी असं सांगितलं नाही." मग का लिहिलंय? "मी कोरकूत बोललो. शिपायानं साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेबांनी मराठीत लिहिलं. मला वाचता येत नाही." पोलिसांपुढच्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत, त्यामुळे त्याला तो परत वाचून दाखवला गेला का हे तपासायचा मार्ग नव्हता. खुनाच्या हेतूचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा होता. कोर्टातल्या साक्षीचं तसं नाही. ती साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते, त्याला कळणाऱ्या भाषेत, आणि चूक वाटली तर तो सांगू शकतो. दोघांच्याही साक्षी मी शेवटी पूर्ण कोरकूत सांगितल्या, त्यांचे अंगठे झाले, खाली मी सही केली.

एप्रिलमध्ये कलम 313 चा जबाब (नव्या संहितेत 351). सगळा पुरावा झाल्यावर न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात की याबद्दल तुझं काय म्हणणं आहे. इथे शपथ नसते आणि उत्तर नाही दिलं म्हणून शिक्षाही होत नाही, हे मी दादांना आधी सांगितलं, मॅडमच्या सांगण्यावरून. चाळीसच्या वर प्रश्न होते, सगळे एकाच साच्यातले. साक्षीदार क्रमांक अमुक यांनी साक्षीत असे सांगितले की तुम्ही हातात कुऱ्हाड घेऊन फिर्यादीच्या अंगावर धावून गेलात, याबाबत तुम्हाला काय म्हणायचे आहे?

मी सांगितलं. दादा म्हणाले, "हाव."

मी कोर्टाला सांगितलं, "हो." लघुलेखकाची बोटं चालायला लागली. मला माहीत होतं की तो हो कशाचा आहे, पण माझ्या मनातलं सांगायची ती जागा नव्हती. मी एवढंच म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न दोन भागांत विचारता येईल का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबल्या आणि स्वतःच प्रश्न फोडला. साक्षीदार असं बोलला, ते तुम्ही ऐकलंत का? हाव. ते खरं आहे का? "नाही. कुऱ्हाड हातात होती, लाकडं तोडून घरी निघालो होतो. धावलो नाही. तो बांधावर आडवा आला, झोंबाझोंबी झाली, कुऱ्हाड त्याला लागली." आधीचं एका शब्दाचं उत्तर कापून हे टाइप झालं. उरलेले सगळे प्रश्न त्यांनी तसेच दोन तुकड्यांत विचारले आणि दीड तासाचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. कुणी कुरकुर केली नाही. कलम 281 (आता 316) प्रमाणे शेवटी तो जबाब त्यांना वाचून सांगितला. आरोपीला त्यात दुरुस्ती करायचा, भर घालायचा हक्क असतो. दादांनी एक भर घातली, की दुखापत झाल्यावर त्यांनीच फिर्यादीच्या हाताला फडकं बांधलं होतं.

युक्तिवादाच्या वेळी मला बोलावतील का, याबद्दल गोंधळ होता. कलम 279 साक्षीपुरतं आहे, वकिलांच्या युक्तिवादाचं त्यात काही नाही. फक्त औपचारिक पुराव्यासाठी दाखल होणाऱ्या कागदांचंही तसंच: ते कितपत समजावून सांगायचे हे कोर्टाच्या मर्जीवर. निकालाच्या कलमात तर आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला समजणाऱ्या भाषेत सांगावं असं म्हटलंय, म्हणजे वकिलाला मराठी येतं एवढ्यावर काम भागू शकतं. कायदा करणाऱ्यांनी तो 'किंवा' का ठेवला कोण जाणे. ताईंनी वेगळा अर्ज देऊन युक्तिवाद आणि निकाल, दोन्ही दिवसांसाठी मला मागून घेतलं. ज्यांचं प्रकरण चालू आहे त्यांनी हे वकिलांच्या कानावर आधीच घालावं, कारण पहिल्या आदेशात बहुतेकदा फक्त 'साक्षीकामी' असं लिहिलेलं असतं.

उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर 17 जून 2025 ला निकाल लागला. 307 सिद्ध झालं नाही. कलम 324, घातक हत्यारानं दुखापत, ते सिद्ध झालं. दीड वर्ष कैद आणि एक हजार रुपये दंड. मी सांगितलं. दादांनी विचारलं, मग आता किती राहिले? नोव्हेंबर 2023 पासून ते आत होते आणि तो काळ शिक्षेतून वजा होतो, तेव्हा राहिलं काहीच नव्हतं. हे मॅडमना विचारून त्यांच्या तोंडून घेतलं आणि मग सांगितलं. निकालाची प्रत मोफत मिळते, आणि उच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर साठ दिवस आहेत, हेही त्यांना कोरकूत सांगून झालं. दंड त्यांच्या मेहुण्यानं भरला.

माझं बिल मात्र अजून फिरत होतं. कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझर साहेबांकडे साक्षीदाराच्या भत्त्याचा नमुना होता, दुभाष्याचा नव्हता. मी सरकारी नोकर, पगार चालू, म्हणून मेहनताना नाही, फक्त प्रवास आणि भत्ता, असं शेवटी ठरलं. तिकिटं, लॉजच्या पावत्या आणि हजेरीचे दाखले तारखेप्रमाणे लावून दिले होते, तरी पैसे यायला ऑक्टोबर उजाडला. चार हजारांच्या आसपास. लॉजची एक पावती नाकारली, त्यावर शिक्का नव्हता म्हणून. नोकरीत नसलेल्या माणसानं नेमणुकीच्या आदेशातच मेहनतान्याची रक्कम लिहून घ्यावी, नंतर कुणी लिहून देत नाही. आणि ज्यांना वकीलच नाही, अर्ज कुठे द्यायचा तेच कळत नाही, त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या मोफत नंबरवर फोन करावा किंवा सरळ तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जावं.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका कोर्टातून विचारणा आली, पुन्हा कोरकूसाठी. या वेळी होकार कळवताना मी तीन गोष्टी लेखी मागितल्या: आरोपीला माझ्या शेजारी बसवावं, साक्षीदारांची आणि गावांची नावं आदल्या आठवड्यात मिळावीत, आणि नेमणूक निकालापर्यंत असावी. पहिल्या दोन मान्य झाल्या आहेत. तिसरीवर अजून उत्तर नाही.